भिंतीखालचे धन

खजिन्याच्या शोधाचे सिनेमे मुलांना आवडतात यात नवल नाही. ते मोठ्यांनाही आवडतात. मोठी माणसे तसे कबूल करत नाहीत, एवढेच. कोपरच्या आमच्या घरात सुट्टीच्या दिवसांत असा सिनेमा लागला की पोरे पुढे बसतात आणि आम्ही मागे, हातात काहीतरी काम असल्याचे सोंग घेऊन. नकाशा फाटलेला असतो, गुहेच्या तोंडाशी कुठल्याशा विसरलेल्या लिपीत चार ओळी कोरलेल्या असतात, मागून दुष्टांची टोळी येत असते. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, तरी जागचे कुणी उठत नाही.

या जातीच्या सिनेमांत आम्हाला विशेष आवडलेला एक नायक आहे. तो ग्रंथपाल आहे. 'द लायब्रेरियन' या मालिकेतला पहिला चित्रपट २००४ साली आला, दुसरा २००६ साली आणि तिसरा २००८ साली. दुसऱ्याचे नाव 'रिटर्न टू किंग सॉलोमन्स माइन्स'. अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी केलेला हा हलकाफुलका चित्रपट. नोआ वायलीने रंगवलेला फ्लिन कार्सन हा नायक पदव्यांचा ढीग घेऊन बसलेला, पुस्तकातला किडा. मारामारीत तो कच्चा, पण जुन्या लिपी वाचण्यात पक्का. टोळीच्या हाती बंदुका असतात आणि याच्या हाती व्याकरण असते. तरी तोच आधी पोहोचतो. आपल्या मराठीतही २०१३ साली 'चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा' असा दुसरा भाग आला होता आणि पोरांनी तोही आनंदाने पाहिला. पण वाचणाऱ्या माणसाचा असा सरळसरळ जय पडद्यावर क्वचितच दिसतो. ज्यांनी आयुष्यभर घरच्यांकडून 'पुस्तके वाचून पोट भरते का?' हे ऐकले आहे, त्यांना तो पाहून बरे वाटते. आम्हालाही वाटले.

मात्र सिनेमा संपल्यावर एक प्रश्न मागे राहिला. नायक नकाशा वाचतो आणि खलनायकाची टोळीही तोच नकाशा वाचू पाहते. दोघांनाही त्याच जागी जायचे आहे. मग दोघांत फरक कोणता? सिनेमा म्हणतो, हा चांगला आणि ते वाईट. दोन तासांच्या करमणुकीला एवढे उत्तर पुरते. पण खरा प्रश्न पुढचा आहे. एखादी वस्तू कुठे आहे हे मला कळले, म्हणून त्या वस्तूवर माझा काही हक्क उत्पन्न होतो काय? आणि हक्क उत्पन्न होत नसेल, तर कळण्याने नेमके काय उत्पन्न होते?

हा प्रश्न आम्हाला अधिक बोचला तो चित्रपटातल्या नावामुळे. सॉलोमन म्हणजे आपले हजरत सुलेमान अलैहिस्सलाम. या नावाभोवती मुसलमानांच्या घरात ज्या कथा सांगितल्या जातात त्या सोन्याच्या खाणींच्या नाहीत. त्या मुंगीच्या आहेत, हुदहुद पक्ष्याच्या आहेत, बिल्किस राणीच्या सिंहासनाच्या आहेत. चित्रपटात सुलेमान यांचा एक ग्रंथ आहे. तो हाती आला की काळही वाकवता येतो. वडील गमावलेल्या नायकापुढे त्यामुळे मोठा मोह उभा राहतो. सुलेमान यांच्या नावावर खपवलेली मंत्रतंत्राची पोथी युरोपात खरोखरच होती. मध्ययुगाच्या अखेरीपासून तिच्या नकला फिरत होत्या. पण आपल्या वाचकांना या पोथीचे मूळ अधिक जवळ सापडेल. सूरह बकरहमध्ये सुलेमान यांच्यावर जादूचा आळ घेणाऱ्यांना कुरआनने खोटे ठरवले आहे. त्या आयतीच्या निमित्ताने तफसीरकारांनी एक कथा नोंदवली आहे. जादूच्या पोथ्या सुलेमान यांनी गोळा करून आपल्या आसनाखाली पुरल्या. त्यांच्या पश्चात सैतानाने लोकांना ती जागा दाखवली. लोकांनी खणून पोथ्या काढल्या आणि म्हणू लागले की सुलेमान याच बळावर राज्य करीत होते. म्हणजे पुरणाऱ्याने लोकांच्या भल्यासाठी पुरले आणि शोधणाऱ्यांनी त्यालाच खजिना समजून वर काढले. हजार वर्षांहून जुन्या त्या कथेत आजच्या सिनेमाचा सगळा ऐवज आहे. फक्त शोधणारा तिथे नायक नाही.

सुलेमान यांच्या खाणींची कल्पना मात्र जगभर पसरली ती रायडर हॅगार्ड या इंग्रज लेखकाच्या १८८५ सालच्या कादंबरीमुळे. तिच्या आसपास काय घडत होते तेही पाहिले पाहिजे. १८७१ साली कार्ल माउख नावाचा जर्मन प्रवासी दक्षिण आफ्रिका खंडातल्या ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी अवशेषांपर्यंत पोहोचला. एवढे मोठे बांधकाम काळ्या माणसांच्या हातचे नसणार, ते शेबाच्या राणीशी जोडलेले असणार, असे अनुमान त्याने बांधले. पुढे गोऱ्यांची सत्ता आली आणि १८९५ साली तर अशा जुन्या वास्तू खणून सोने काढण्यासाठी कंपनीच स्थापन झाली. जे सोने निघाले त्यातले पुष्कळसे वितळवले गेले. १९०५ साली रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ साली गरट्रूड केटन-थॉमसन या पुरातत्त्वज्ञांनी तिथल्या थरांचा अभ्यास करून सांगितले की ही वास्तू तिथल्याच आफ्रिकी लोकांनी उभारली. सत्ताधाऱ्यांना ते पुढे कितीतरी वर्षे रुचले नाही. १९८० साली देश स्वतंत्र झाला तेव्हा लोकांनी त्याच वास्तूचे नाव देशाला दिले.

'हरवलेला खजिना' या शब्दांतली मेख इथे कळते. हरवलेला, पण कुणाचा? त्या दगडांच्या शेजारी शोना लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांच्या लेखी काही हरवलेले नव्हते. खजिना एकदा सुलेमान यांच्या नावावर चढवला की जिवंत शेजाऱ्याचे नाव आपोआप खोडले जाते. नबीचे नाव घेऊन केलेली ती चोरी होती, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आता आपल्या बाजूला येऊ. बायबलमध्ये सुलेमान यांची जहाजे ओफीर नावाच्या ठिकाणाहून सोने आणीत, असा उल्लेख आहे. हे ओफीर कुठले, यावर विद्वानांनी पुष्कळ तर्क केले; कुणी अरबस्तान म्हटले, कुणी पूर्व आफ्रिका, आणि कुणी आपले सोपारा. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात हे नाव 'स'ने सुरू होते आणि सोपारा प्राचीन काळी मोठे बंदर होते, हे या तर्काचे आधार. अरब भूगोलकार त्याला सुबारा म्हणत. तर्क तो तर्कच; पण त्यामुळे किंग सॉलोमनचा खजिना कोपरहून केवळ एक गाडी बदलण्याच्या अंतरावर येतो. कोपरच्या वरच्या फलाटावरून वसईकडे जाणाऱ्या मोजक्या गाड्यांपैकी एक धरायची, वसई रोडला उतरायचे आणि पुढचे स्टेशन नालासोपारा. २०१४ सालापर्यंत हा सगळा एकच ठाणे जिल्हा होता. आता सोपारा पालघर जिल्ह्यात आहे.

आणि इथे खराखुरा ग्रंथवेडा नायकही भेटतो. पंडित भगवानलाल इंद्रजी १८३९ साली जुनागढला जन्मले. कॉलेजची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी देशभर फिरून शिलालेखांचे ठसे घेतले, लिपी उलगडल्या, नाणी जमवली. पुढे लायडनच्या विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. १८८२ सालच्या एप्रिलमध्ये त्यांनी सोपाऱ्याला एक टेकाड खणले. गावचे लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. तिथे कधीकाळी स्तूप होता हे लोकांच्या आठवणीतून पुसले गेले होते. कुणी एक बुरूड राजा होता आणि हा त्याचा कोट, एवढीच गोष्ट उरली होती.

विटांच्या त्या स्तूपाच्या पोटात दगडी पेटी निघाली. तिच्यात मधोमध तांब्याची डबी आणि तिच्याभोवती बुद्धाच्या आठ लहान कांस्यमूर्ती. तांब्याच्या डबीत चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि स्फटिकाच्या डबीत सोन्याची. सोन्याची फुले निघाली, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे निघाले. सिनेमावाल्यांनीही यापेक्षा अधिक काय रचावे? आणि सगळ्यांत आतल्या सोन्याच्या डबीत काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. भगवानलालांनी ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे मानले.

या जागी क्षणभर थांबण्यासारखे आहे. ज्याने ते पुरले त्याच्या लेखी सोने हे वेष्टन होते आणि खापर हा खजिना. हंड्याच्या आशेने कुदळ मारणाऱ्या माणसाने काय केले असते ते सांगायला नको. त्याने डबी घेतली असती आणि 'आत नुसती खापरे निघाली' असे म्हणत ती उकिरड्यावर टाकली असती. वाचणाऱ्या माणसाचे वेगळेपण आम्हाला इथे दिसते. जागा शोधणे तर चोरालाही जमते. यातला खजिना कोणता, हे ओळखायला इल्म लागतो. भगवानलालांनी सापडलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद केली, ती छापून जाहीर केली आणि तो ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेला. स्वतःचे संग्रहही १८८८ साली मृत्यूपूर्वी त्यांनी संस्थांच्या नावे करून ठेवले.

पण एक आक्षेप घेता येईल, आणि तो घेतलाच पाहिजे. ज्यांनी तो स्तूप बांधला त्यांनी ते तुकडे कुणी उघडून पाहावेत म्हणून ठेवले नव्हते. ते कायमचे ठेवले होते. मग चोराने उघडणे आणि पंडिताने उघडणे यांत बंद ठेवणाऱ्याच्या दृष्टीने काय अंतर? आमच्या कबरस्तानात उद्या कुणी 'अभ्यासासाठी' म्हणून कुदळ घेऊन आला, तर आम्ही त्याला चहा पाजणार आहोत काय?

या आक्षेपाचा विचार करताना आम्हाला सूरह कहफ आठवते. जुम्म्याला ती अनेक घरांत पढली जाते. हजरत मूसा ज्ञान मिळवण्यासाठी अल्लाहच्या एका बंद्याबरोबर प्रवासाला निघतात. परंपरेने आपण त्यांना हजरत खिज्र म्हणून ओळखतो. दोघे एका वस्तीत येतात. वस्तीचे लोक त्यांना अन्नाचा घासही देत नाहीत. तिथे एक भिंत कोसळायला आलेली असते आणि खिज्र ती सरळ उभी करतात, तीही फुकट. मूसांना याचे आश्चर्य वाटते. निदान मजुरी तरी घ्यायची! मागाहून उलगडा होतो की त्या भिंतीखाली दोन यतीम मुलांचा खजिना होता, त्यांचा बाप नेक माणूस होता, आणि मुले वयात येऊन आपला ठेवा आपण काढतील तोवर तो झाकलेला राहावा, अशी अल्लाहची इच्छा होती.

जगातल्या खजिन्याच्या कथांत ही कथा आम्हाला एकटीच उलटी चालणारी वाटते. इथे खजिना कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस आहे, त्या गावाबद्दल मनात राग धरायला त्याच्यापाशी कारण आहे, तो भुकेला आहे, आणि तो काय करतो? खजिन्यावर भिंत बांधतो. तो खजिना नेमका काय होता यावर तफसीरकारांत दोन मते आहेत. कुणी सोनेनाणे म्हटले, तर हजरत इब्ने अब्बास यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या रिवायतीत तो इल्म होता, लिहून ठेवलेले ज्ञान होते. काहीही असो; ते यतीमांचे होते, आणि जाणत्याचे काम राखणीचे होते.

याच्या समोर कारून ठेवून पाहा. त्याच्या खजिन्याच्या किल्ल्या उचलताना बलदंड माणसांची टोळीही वाकत असे, असे वर्णन सूरह कससमध्ये आहे. लोकांनी त्याला समजावले तेव्हा त्याचे उत्तर असे होते की, हे मला माझ्याजवळच्या ज्ञानामुळे मिळाले आहे. कारूनला आपण नुसता धनलोभी समजतो. पण त्याचा युक्तिवाद धनवंताचा नाही, जाणत्याचा आहे. मला ठाऊक होते, म्हणून माझे. आज हा युक्तिवाद केवळ खजिन्याच्या सिनेमात नाही. कोणती शेतजमीन रस्त्यात जाणार हे आधी कळलेला माणूस अडाणी शेतकऱ्याकडून ती मातीमोलाने घेतो, तेव्हा तो कारूनचीच भाषा बोलत असतो. औषधी पाल्याची माहिती आदिवासी म्हातारीकडून घेऊन तिचे नावही न घेणारा विद्वान तीच भाषा बोलतो.

म्हणजे ज्ञानाचे दोन मार्ग झाले. एकाच्या लेखी ज्ञान म्हणजे किल्ली, दुसऱ्याच्या लेखी ज्ञान म्हणजे अमानत. ग्रंथवेडा माणूस आपोआप दुसऱ्या मार्गाचा असतो असे मुळीच नाही. कारूनही वाचलेला असू शकतो.

मग भगवानलाल कोणत्या बाजूचे? खिज्र यांना मालक ठाऊक होते, ते हयात होते, केवळ लहान होते. १८८२ च्या सोपाऱ्यात त्या स्तूपाला आपला म्हणणारे कुणी गावात उरले नव्हते. टेकाडाचे खरे नावही उरले नव्हते. आसपासच्या गावांना विटा लागतच होत्या. अशा वेळी न उघडणे म्हणजे राखणे नव्हे, वाऱ्यावर सोडणे. पंडितांनी उघडले, पण उघडताना एकही गोष्ट लपवली नाही आणि एकही आपली मानली नाही. आपल्या शरीअतमध्ये रस्त्यात सापडलेल्या वस्तूचा जो नियम आहे, तो जवळपास असाच आहे. लुकता म्हणजे सापडलेली चीज. तिची खूण लक्षात ठेवायची, वर्षभर लोकांत पुकारा करायचा, धनी आला तर मुकाट्याने द्यायची. जमिनीत पुरलेले जुने धन, ज्याला रिकाज म्हणतात, त्यातला पाचवा हिस्सा सर्वांच्या हितासाठी बाजूला काढायचा. दोन्ही नियमांचा गाभा एकच. सापडणे हे गुपचूप करायचे काम नाही. भगवानलालांचा छापील निबंध हा एका अर्थी असाच पुकारा होता.

आणि धनी आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. सोपाऱ्याच्या खणतीला तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती. महाराष्ट्रातली जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर होती, ती उठून म्हणाली की हा वारसा आमचा. आज सोपाऱ्याच्या स्तूपावर बुद्धपौर्णिमेला माणसे जातात. भिंतीखालची मुले वयात आली, असेच आम्ही म्हणू. त्यांच्यासाठी ते तुकडे शिल्लक राहिले, कारण ज्याच्या हाती ते लागले त्याने ते स्वतःसाठी उचलले नाहीत. तरीही आमचा तो आक्षेप पुरता मिटत नाही, आणि मिटू नये. वारस आल्यावर त्यांना विचारल्याशिवाय ठेव्याचा निर्णय करण्याचा अधिकार कुठल्याही पंडिताला किंवा संग्रहालयाला उरत नाही.

खजिन्याचे वेड हसण्यावारी नेण्यासारखे नाही, हेही इथे सांगायला हवे. आपल्या महाराष्ट्रात गुप्तधनाच्या नावावर माणसे मारली गेली आहेत. परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावी १९७२ ते १९७४ या काळात बायका आणि कोवळ्या मुली बळी पडल्या, त्यामागे पुरलेल्या धनाची अंधश्रद्धा होती. पायाळू मुलाला धन दिसते, नाग धन राखतो, बळी दिल्याशिवाय धन हलत नाही, असल्या समजुती सर्व जातिधर्मांत आहेत. आपल्यातही बाबा-बुवांची कमतरता नाही, आणि ते हजरत सुलेमान यांचेच नाव घेऊन ताईत विकतात. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्रात नरबळी आणि जादूटोणाविरोधी कायदा झाला. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये त्यात गुन्हा ठरवली आहेत. त्याआधीपासून, १८७८ सालापासून, निखात निधीचा कायदा आहेच. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टरला कळवायचे. कायद्याचीही पहिली अपेक्षा तीच आहे : सांगा.

मात्र 'सांगा' हा नियम सगळीकडे लागू होतो काय? इथे आम्ही एक हकिकत मांडतो. आमच्या ओळखीचे कोपरमधलेच एक घर आहे. नाव सांगत नाही. न सांगणे हाच तिचा मुद्दा आहे. जुनी चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहायचा होता, म्हणून माळे रिकामे होत होते. या घरच्या माळ्यावर पत्र्याची पेटी निघाली. पेटीत आजोबांच्या किराणा दुकानाची वही, उर्दूत लिहिलेली. नातवंडे इंग्रजी शाळांतली. उर्दू अक्षर कुणाला लागेना. पण आकडे दिसत होते. नावे आणि त्यांच्यापुढे रुपये, पानामागून पान. आजोबांचे लोकांकडे केवढे येणे होते, या विचाराने पोरांच्या डोळ्यांत चमक आली. शेवटी एका निवृत्त उर्दू शिक्षकांना बोलावले. त्यांनी चष्मा पुसला, दोन पाने वाचली आणि विचारले, "ही वही आणखी कुणी पाहिली आहे का?"

"नाही, मास्तरसाहेब. का? किती येणे आहे?"

"काही नाही, बेटा. सगळे माफ आहे."

ती वही १९८२ च्या संपाच्या काळातली होती. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी काम बंद केले आणि तो संप वर्षभराहूनही अधिक चालला. गिरणीत जाणारी माणसे आमच्या बाजूलाही राहत होती. त्यांनी या दुकानातून उधारीवर तांदूळ, तेल नेले. आजोबांनी ते फिटण्याची वाट पाहिली आणि मग एकेका नावापुढे 'माफ' असे लिहून रेघ मारली. नावे सर्व जातिधर्मांची. त्यांतली बरीच घरे आजही आसपास आहेत. त्यांची मुले नोकरीला आहेत, नातवंडे इंजिनिअर आहेत.

नातवाला वाटले की याचा फोटो काढून सगळीकडे पाठवावा. आजकाल आपल्याविषयी काय काय बोलले जाते! एकदा लोकांना कळू तरी दे की आपले आजोबा कसे होते. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. ते ऐकताना आम्हालाही तेच वाटत होते. इतिहासाच्या दृष्टीनेही ती वही मोलाची. संपाचा इतिहास लिहिणारा कुणीही ती डोक्यावर घेईल.

पण दादी म्हणाल्या, "तुझ्या दादांनी माफ केले तेव्हा मलासुद्धा सांगितले नाही. तू कोण सांगणारा? त्या घरची पोरे मान वर करून चालतात. त्यांच्या आजाने तांदूळ उधार नेले होते, हे त्यांना आपल्या तोंडून कळायला हवे काय?"

दान देऊन बोलून दाखवले की ते वाया जाते, हे सूरह बकरहमध्ये स्पष्ट आहे. अडचणीतल्या ऋणकोला मुदत द्यावी आणि सोडून दिले तर अधिक चांगले, हेही तिथेच आहे. दादींनी काही आयती म्हणून दाखवल्या नाहीत. त्यांनी वही फडक्यात बांधली, एवढेच.

आमच्या मते त्या घरात खरा खजिना निघाला होता. आणि खजिन्याविषयी विचारायचा पहिला प्रश्न दादींनी बरोबर विचारला. तो कुठे आहे, केवढा आहे, हे पोरांनी विचारले होते. तो कुणाचा आहे, हे त्यांनी विचारले. वही आजोबांची असली तरी वहीतली अडचण त्या घरांची होती. सोपाऱ्याचे खापर जाहीर करणे रास्त होते, कारण जाहीर न करता ते वारसांपर्यंत पोहोचलेच नसते. वहीतली नावे झाकणे रास्त होते, कारण ती जाहीर करून वारसांची मान खाली गेली असती. दोन्ही वेळा जाणत्याने मालकाचा विचार आधी केला. 'नेहमी उघडा' किंवा 'नेहमी झाका' असा एकच नियम करता येत नाही. दर वेळी मालक कोण ते शोधावे लागते आणि आपण मालक नाही हे लक्षात ठेवावे लागते. ग्रंथवेड्या नायकाची खरी कसोटी लिपी वाचण्यात नाही, ती वाचून झाल्यावरच्या घडीत आहे.

एक काळजी मात्र उरते. झाकून ठेवणे आणि विसरून जाणे यांत अंतर थोडे असते. आज घरोघरी माळे रिकामे होत आहेत. मोडीतल्या सनदा, उर्दू-फारसीतले कागद, जुन्या वह्या, पत्रांचे गठ्ठे किलोच्या भावाने रद्दीत जात आहेत. कुणी चोरले असते तर निदान त्यांना किंमत आहे असे तरी वाटले असते. आम्ही तर ते वाचता येत नाही म्हणून टाकतो. भिंत उभी राहावी आणि आतल्या मुलांना मोठेपणी कुदळ धरता येऊ नये, असा हा प्रकार आहे. मग ती राखण कुणासाठी?

त्या घरात वही नव्या फ्लॅटमधल्या कपाटात आहे. मधल्या नातीने दादींकडे ती वाचायला मागितली. दादींनी नाही म्हटले नाही. आधी मास्तरसाहेबांकडे जाऊन उर्दू शीक, मग वाच, आणि वाचून झाले की काय करायचे ते तूच ठरव, असे त्या म्हणाल्या. मुलगी दर रविवारी जाते. अजून छापील अक्षरच धडपडत वाचते. आजोबांचे घसरते अक्षर लागायला तिला वेळ लागेल.